दिलेरखानाचा कौल: शत्रूला पडद्यावर किती मोठा करायचा?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. पुरंदर किल्ला मोगलांविरुद्ध लढवणाऱ्या मुरारबाजी देशपांडे यांच्या शेवटच्या लढाईवर तुम्ही चाळीस मिनिटांचा चित्रपट लिहिताय. पहिला मसुदा वाचून एक मित्र म्हणाला, मोगल सरदार दिलेरखान जत्रेतल्या सोंगासारखा राक्षस झालाय. मग तुम्ही त्याला सौम्य केलंत, तेव्हा दुसरा म्हणाला, हे शत्रूचं उदात्तीकरण आहे, लोक सहन करणार नाहीत. आता तुम्ही विचारताय की खलनायक किती टक्के काळा ठेवावा. शेवटी रावणावर काही लिहायचा विचारही तुम्ही बोलून दाखवलाय, त्याकडे नंतर येतो.

बावीस वर्षं मी ऐतिहासिक आणि पौराणिक मालिका-चित्रपटांच्या पटकथा लिहितोय. टक्क्यांचा हिशेब मीही सुरुवातीला करून पाहिला आहे. दोन दुष्ट प्रसंगांमागे एक प्रेमळ प्रसंग टाकायचा, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवताना दाखवायचं, की झाला माणूस! असं लिहिलेलं पात्र एडिट टेबलावर हमखास मरतं. तुमच्या दोन्ही मसुद्यांचा दोष मला एकच वाटतो. दिलेरखानाला त्या दिवशी नेमकं काय हवं होतं आणि ते मिळवायला तो किती डोक्याने वागला, हे कुठल्याच मसुद्यात ठरलेलं नाही. ते ठरलं की काळा-पांढरा हा वाद मागे पडतो.

हे सगळीकडे सारखं लागू होत नाही, तेही सांगतो. पंधरा मिनिटांच्या चित्रपटात शत्रूचं मन उलगडायला जागाच नसते. तिथे तो नुसता दबाव म्हणून आला तरी चालतो. भक्तिपटात लोक श्रद्धेने बसलेले असतात, तिथली मोजमापं निराळी. ज्या व्यक्तीविषयी लोकांच्या भावना आजही ताज्या आहेत, तिथे प्रत्येक सीनमागे तुमच्याकडे साधन असावं लागतं. आणि साधनं किती आहेत यावरही बरंच अवलंबून असतं. तुमचं नशीब असं की पुरंदरच्या वेढ्याबद्दल दोन्ही बाजूंचं लिखाण उपलब्ध आहे. मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगाची औरंगजेबाला गेलेली पत्रं आहेत, जयसिंगाच्या छावणीत तोफखान्यावर असलेल्या मनुची ह्या इटालियन प्रवाशाच्या आठवणी आहेत आणि सभासदाची बखर आहे. पत्रं त्याच दिवसांतली, मनुचीने पुष्कळ वर्षांनी लिहिलेलं, आणि बखर १६९४ च्या सुमाराला जिंजीत लिहिलेली, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ तीस वर्षांनी. कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिलं, हे मसुद्याच्या समासात लिहून ठेवत चला.

आता तुमचा मुख्य सीन. १६६५ चा उन्हाळा. पुरंदरला लागूनच वज्रगड आहे, मधे भैरवखिंड. वज्रगड उंचीने कमी, पण तो हातात आला की पुरंदरची माची तोफांच्या माऱ्यात येते. एप्रिलच्या मध्यावर वज्रगड पडला. तिथल्या शरण आलेल्या लोकांना मोगलांनी कापून काढलं नाही. हत्यारं काढून घेतली, त्यांच्या म्होरक्यांना वस्त्रं दिली आणि सगळ्यांना घरी जाऊ दिलं. ही दया नव्हती. पुरंदरच्या तटावरून सगळे बघत होते, आणि शरण आलात तर जिवंत घरी जाल, असा तो निरोप होता. तोफेइतकंच ते हत्यार होतं.

त्यानंतर मुरारबाजी सातशे माणूस निवडून खाली उतरतो आणि पठाणांच्या फौजेवर तुटून पडतो. सभासद सांगतो की त्याची झुंज बघून दिलेरखानाने त्याला कौल, म्हणजे अभयाचं वचन, देऊ केला: तू मर्दाना शिपाई, तुला नावाजतो. मुरारबाजीने तो झिडकारला, मी महाराजांचा शिपाई, तुझा कौल घेतो की काय, असं म्हणून तो थेट खानावर चालून गेला. खानाने स्वतः तीर मारून त्याला पाडलं, आणि मग तोंडात बोट घातलं, की देवाने असाही शिपाई जन्माला घातला.

पहिल्या मसुद्यात हा कौल तुम्ही कपटी हास्यासह दिलाय. दुसऱ्यात खान जवळजवळ रडवेला होऊन देतो. दोन्हीकडे कौल फुकट गेला. वज्रगडचा प्रसंग डोळ्यांपुढे ठेवून हाच सीन वाचा. खान तेच धोरण पुढे चालवतोय. हा माणूस कौल घेऊन आपल्याकडे आला तर गड आज संध्याकाळी पडेल, एवढी साधी गोष्ट त्याला कळते. त्याच वेळी समोरच्याची तलवार बघून त्याला खरोखरच कौतुकही वाटतंय. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच वाक्यात आलं पाहिजे.

ह्या कौलामागे आणखी एक गोष्ट आहे. परंपरा सांगते की मुरारबाजी आधी जावळीच्या मोऱ्यांकडे होता, महाराजांच्या विरुद्ध लढला होता, आणि १६५६ मध्ये जावळी पडल्यावर महाराजांनी त्याचं शौर्य पाहून त्याला आपल्याकडे घेतलं. म्हणजे जिंकणाऱ्याने पुढे केलेला हात त्याने आयुष्यात एकदा धरलेला आहे! आणि खान? १६५८ च्या वारसायुद्धात तो औरंगजेबाचा भाऊ दारा याच्या मुलाच्या, सुलेमान शुकोहच्या फौजेत होता. दाराचा पराभव झाल्यावर जयसिंग आणि दिलेरखान दोघंही औरंगजेबाकडे गेले. बाजू बदलून माणूस कसा जगतो, वर चढतो, हे खानाला स्वतःच्या अनुभवावरून माहीत आहे. त्याच्या दृष्टीने तो मुरारबाजीला शहाणपणाची गोष्ट सांगतोय. एकदा बाजू बदललेली दोन माणसं समोरासमोर उभी आहेत, आणि त्यातला एक म्हणतो की आता पुन्हा नाही. पहिला हात का धरला आणि दुसरा का नाकारला, ह्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमचा चित्रपट. महाराजांनी काय दिलं होतं जे खान देऊ शकत नाही, हे मुरारबाजीला त्या क्षणी स्पष्ट दिसतं. खान मूर्ख किंवा विकृत असेल तर त्याला नकार देणं सोपं, त्याची किंमत शून्य. खान शहाणा आहे, देतोय ते खरंच देणार आहे, आणि तरीही नकार मिळतो, तेव्हा प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो.

उदात्तीकरणाच्या आक्षेपाचं उत्तर खानाला अधिक क्रूर हसवून मिळणार नाही. त्याच फौजेने त्याच आठवड्यांत काय केलं ते पडद्यावर ठेवा. जयसिंगाने दाऊदखान कुरेशीला राजगड, सिंहगड, रोहिड्याच्या मुलखात पाठवलं, आणि त्या तुकड्यांनी गावंच्या गावं जाळली. कौलाचा सीन चालू असताना मागे डोंगरापलीकडून धूर चढताना दिसू द्या, त्यावर कोणी एक शब्दही बोलू नये. कौल देणारा हात आणि गाव जाळणारा हात एकाच फौजेचे आहेत, हे प्रेक्षकाला आपोआप कळतं. शत्रूच्या कृतीचा परिणाम दाखवायला लेखक कचरला की मोठेपणा देणं धोक्याचं ठरतं. परिणाम समोर ठेवलात तर खानाला हवी तेवढी बुद्धी आणि हवा तेवढा रुबाब द्या.

हास्यावरून एक अनुभव सांगतो. एका मालिकेत आम्ही वेढा घालणाऱ्या सरदाराला मांसाचा तुकडा तोडत गडगडाटी हसताना लिहिलं होतं. भूमिका करणारे वयस्क नट रिहर्सलला थांबले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, ह्याला हसू कशाचं येतंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही तो सीन तिथेच बसून बदलला. सरदार पाठमोरा बसलाय, कारकून दाणावैरणीचा हिशेब वाचतोय, आणि सरदार मधेच विचारतो, "गडावर विहिरी किती?" कारकून सांगतो. सरदार बोटांवर काहीतरी मोजतो आणि म्हणतो, "श्रावणाआधी." बस, एवढंच. चित्रीकरण बघायला आलेली लाइटवाली मुलंसुद्धा गप्प झाली. शत्रूला हिशेब येतो, हे कळलं की भीती वाटते.

आता कपडे आणि भाषा, कारण तुमच्या मसुद्यात खान काळ्या-हिरव्या पोशाखात आहे आणि त्याच्या तोंडी जड उर्दू आहे, तर मावळे भगव्यात आणि संस्कृतप्रचुर मराठीत. सतराव्या शतकातल्या दरबारी पोशाखात इतका फरक नव्हता. महाराजांची त्या काळातली चित्रं पाहा: जामा, कमरबंद, मंदिल, हे बहुतेक सगळं उत्तर-दक्षिणेच्या दरबारांत सारखंच होतं. जाम्याचे बंद हिंदू डाव्या बाजूला बांधत आणि मुसलमान उजव्या बाजूला, हा त्या काळच्या प्रवाशांनी टिपलेला फरक. कॉस्च्युमवाल्यांना एवढं जरी सांगितलंत तरी काम होईल, आणि नीट बघणाऱ्याला समाधान मिळेल.

भाषेचं तर आणखी गंमतशीर आहे. "तुझा कौल घेतो की काय, मी महाराजांचा शिपाई" ह्या मुरारबाजीच्या तडफदार उत्तरात जे दोन शब्द वजन उचलतात, त्यातला कौल अरबी आणि शिपाई फारसी. शिवकालीन मराठी पत्रं अशा शब्दांनी भरलेली आहेत. म्हणून तर महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, ज्यात असे सुमारे १,४०० शब्द संस्कृत पर्यायांसह दिले आहेत. तेव्हा फारसी शब्द फक्त शत्रूच्या तोंडी घालणं म्हणजे आपल्याच पूर्वजांची भाषा त्यांच्याकडून काढून घेणं आहे. दोघांनाही साधं, त्या काळाचा वास असलेलं मराठी द्या. खानाची वाक्यं आखूड ठेवा, हुकूम सोडायची सवय असलेल्या माणसाची.

हेच बाजूंबद्दल. खानाच्या छावणीचा सेनापती जयसिंग कछवाहा राजपूत. महाराजांच्या आरमारात दौलतखान, सैन्यात सिद्दी हिलाल, पत्रव्यवहारात काझी हैदर. अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी. ज्युनिअर आर्टिस्ट उभे करताना एका बाजूला सगळे टिळे आणि दुसऱ्या बाजूला सगळ्या दाढ्या असं केलंत, तर लढाई कशासाठी होती हे प्रेक्षकाला चुकीचं कळेल. लढाई राज्याची होती, इमानाची होती. मुरारबाजीच्या तोंडी धर्माचं नाव नाही, धन्याचं आहे.

साधनांतला राग ओळखायला शिकणं हाही ह्याच कामाचा भाग. संभाजी महाराजांचं उदाहरण घ्या. मल्हार रामराव चिटणीसाच्या बखरीने त्यांची व्यसनी, उतावळी प्रतिमा उभी केली, आणि नाटक-चित्रपटवाल्यांनी ती दीडशे वर्षं उचलली. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, आणि बखरकार शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजींच्या वंशातला. बाळाजी आवजींना १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या आज्ञेने देहदंड झाला होता. वा. सी. बेंद्रे यांनी १९६० मध्ये आणि पुढे कमल गोखले यांनी मूळ कागदपत्रांवरून वेगळं चरित्र मांडलं, तेव्हा पडद्यावरचे संभाजी महाराज हळूहळू बदलले. लेखकाला राग होता म्हणून त्याचं सगळं खोटं ठरतं असं नाही. पण त्याच्या एकट्याच्या शब्दावर मी सीन उभारत नाही.

आणि कॅमेरा साक्षीदार असतो, हे विसरू नका. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी ठरवलं. पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या आनंदीबाई, "धरावे"चं "मारावे" करणाऱ्या. ध चा मा हा वाक्प्रचारच होऊन बसला. ती मूळ चिठ्ठी आज उपलब्ध नाही. आम्ही एका चित्रपटात हा प्रसंग करताना मोडी येणाऱ्या एका गृहस्थांकडून बोरूने चिठ्ठी लिहून घेतली होती. आधी शिरोरेघ ओढायची, मग तिला लटकवत अक्षरं, वर बारीक वाळू टाकून शाई टिपायची. इतकं सुंदर दिसत होतं की दिग्दर्शकाला हात, बांगड्या आणि बदललं जाणारं अक्षर असा क्लोजअप हवा होता. मी हट्ट धरला की हात दाखवायचा नाही. तो क्लोजअप पडद्यावर आला की खटल्याचा निकाल आपण दिला, आणि त्यावर अपील नाही. शेवटी बदललेली चिठ्ठी गारद्यांच्या हातात आलेली दाखवली. कोणी बदलली, ते प्रेक्षकाने त्या वाड्यातल्या चेहऱ्यांकडे बघून शोधावं. जिथे साधन अडखळतं तिथे कॅमेऱ्यानेही अडखळावं, हे मी तेव्हापासून पाळतो.

आता रावण. पुराणातल्या खलनायकाबद्दल पुरावा मागता येत नाही, तिथे परंपरेशी प्रामाणिकपणा लागतो, आणि परंपरा आपल्या समजुतीपेक्षा मोठ्या मनाची आहे. वाल्मीकींच्या सुंदरकांडात हनुमान रावणाला दरबारात पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याच्या मनात काय येतं? "अहो रूपमहो धैर्यमहो सत्त्वमहो द्युतिः". आणि पुढे तो मनाशी म्हणतो की ह्याच्यात अधर्म एवढा बलवान नसता, तर हा देवलोकाचाही रक्षक झाला असता. रामाचा दूत हे म्हणतो, तेही बांधलेल्या अवस्थेत. वाल्मीकींना रावणाला मोठा करताना सीताहरणाचा अपराध एका रेषेनेही कमी करावा लागला नाही. तुमच्या दिलेरखानाला हाच धडा लागू पडतो.

उलट, पडद्यावर उदारपणाच्या नावाखाली एक गफलत वारंवार होते. खलनायकाला समजून घ्यायचं म्हणून त्याचा दोष दुसऱ्याच्या, बहुतेकदा एखाद्या स्त्रीच्या, माथी टाकतात. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो आणि द्रौपदी "आंधळ्याचा मुलगा आंधळा" म्हणते, हा प्रसंग सगळ्यांनी पाहिलाय. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ ह्या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत द्रौपदी असं म्हणत नाही. तिथे भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि सेवक हसतात. एक वाक्य पदरचं घातलं, आणि वस्त्रहरणाचं कारण द्रौपदीच होऊन बसली. कर्णाचंही तसंच. त्याच्या वाट्याला आलेला अन्याय जरूर दाखवा, पण द्यूतसभेत तो द्रौपदीला काय बोलला ते गाळू नका. दोन्ही एकत्र ठेवलं तरच कर्ण पेलतो.

कधी कधी खलनायक आजचा माणूस असतो, हेही ध्यानात असू द्या. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९०७ मधल्या "कीचकवध" नाटकातला कीचक लोकांनी लॉर्ड कर्झन म्हणून ओळखला, आणि इंग्रज सरकारने १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये हीच कथा मूकपटात आणली. तुमचा खान आज कोणासारखा दिसेल, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारला नाहीत तरी प्रेक्षक विचारणारच. तेव्हा त्याला कोणाच्या लकबी देताय, कोणत्या समाजाचं बोलणं देताय, हे जाणूनबुजून ठरवा.

आता तिसऱ्या मसुद्यासाठी ठोस सांगतो. वज्रगडच्या लोकांना सोडून दिल्याचा प्रसंग आधी आणा, तटावरून बघणाऱ्या मुरारबाजीच्या नजरेतून. जावळीचा उल्लेख फ्लॅशबॅकमध्ये नको. एखादा जुना सहकारी एका ओळीत काढेल, तेवढा पुरे. कौलाच्या वेळी कॅमेरा दोघांच्याही डोळ्यांच्या पातळीवर ठेवा, खानाला खालून घेऊ नका. पार्श्वसंगीत बंद. आणि शेवट मुरारबाजी पडल्यावर करू नका. सभासद पुढे सांगतो की खानाने पगडी उतरवली आणि गड घेईन तेव्हाच बांधीन अशी शपथ घेतली, तर गडावरच्यांनी उत्तर दिलं की एक मुरारबाजी पडला म्हणून काय झालं, आम्हीही तसेच आहोत. पुढे जूनमध्ये तह झाला, तेवीस किल्ले गेले, पुरंदरही त्यात गेला. म्हणजे गड मोगलांना मिळाला तो तहाने, खानाच्या तलवारीने नाही. उघड्या डोक्याचा तो पठाण मावळत्या उन्हात तटाकडे बघतोय आणि वर नव्या पहाऱ्याच्या मशाली पेटतायत, ह्यावर मी थांबलो असतो.

कौलाचा सीन नव्याने लिहिलात की तेवढाच पाठवा, मी वाचून कळवतो.